नीरजाचं वजन, कटती वजा जाता

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार
सासूबाई गेल्या. सकाळच्या अमडापूर गाडीनं. दहा महिन्यांची नात माझ्या हातात कोंबली आणि पिशवी उचलली. म्हणे, जावईबापू, बीटी कपाशी सारी एकदम फुटली, वेचाले बाई भेटून नाही राह्यली, म्या नाही गेली त कापूस मातीत जाते. याच सासूबाई दिवाळीभर कंबर गेली म्हणून स्वतःचं ताट उचलत नव्हत्या. कापूस म्हटलं की कंबर परत आली.

पद्मजाची शाळा २६ तारखेला उघडते. शिक्षण सेवक. महिना तीन हजार, आणि तीन वर्षं पुरी झाली की कायम. निम्मी झालीत. मध्ये खाडे पडले तर केलं-सवरलं पाण्यात. नीरजाची सोय झाली नाही तर नोकरी सोडावी लागेल म्हणून ती रडली. मी म्हणालो, रडतेस काय, मी आहे ना. सोळा वर्षं जिनिंगच्या काट्यावर बसतोय. अख्ख्या तालुक्याचा कापूस मोजला. एका पोरीची सोय ती काय!

निर्धार: दोन दिवसांत काम फत्ते. पण घाईत नाही. तुलनात्मक अभ्यास करून.

१५ नोव्हेंबर
अभ्यास चालू आहे. तीन दिवस लागले, पण खोलवर.

सायबर कॅफेत पाहिलं. पुण्यात नॅनी पाच-सहा हजार घेते, वर जेवण आणि रविवारची सुटी. मुंबईचं पान उघडलंच नाही. एवढा पगार मलाच नाही. मीच पुण्याला नॅनी म्हणून जावं.

पाळणाघर. खामगावात आमच्या बाजूला एकच. सातशे रुपये. मी खूश. पण दोन वर्षांच्या आतलं लेकरू घेत नाहीत, आणि त्याला सू सांगता आली पाहिजे. मी म्हणालो, वय वाढवून लिहा ना. बाई म्हणाल्या, वय लिहून वाढते हो, सू लिहून थांबत नाही. उद्धट बाई.

अंगणवाडी फुकट. पण तीन वर्षांपासून पुढे. तोवर पद्मजाची नोकरी कुठे, मी कुठे.

माझी आई. तीपण फुकट. मोताळ्याला मोठ्या भावाकडे असते. फोन केला तर म्हणे, तुमच्या वक्ती कोणती आया होती रे, वावरात झाडाले झोळी बांधत होती मी. मी म्हणालो, मग ये आणि बांध. फोन ठेवून दिला.

पद्मजा म्हणाली, तुम्ही रात्रपाळी मागून घ्या, दिवसा तुम्ही सांभाळा. हसू आलं. माझ्याशिवाय काटा हलतो का?

१८ नोव्हेंबर, रविवार, सकाळी सहा
भिमाबाईला गाठायला चौकात गेलो. आमच्याकडे आधी धुणीभांडी करायची. चौकात बायकांनी भरलेला टेम्पो उभा. शेतकरी हल्ली घ्यायला गाडी पाठवतात, वर चहा पाजतात. भिमाबाई फळीवर बसल्या बसल्या म्हणे, किलोले तीन रुपये भाव आहे बाबू, दिवसाचे चाळीस किलो वेचते मी, तुमची पोरगी काय देते? अख्खा टेम्पो हसला.

बीटीनं वाटोळं केलं. पूर्वी कापूस कसा सवडीनं फुटायचा. दसऱ्यापासून होळीपर्यंत वेचण्या चालायच्या. आता सगळं एका दमात. शेतकऱ्याला वेचणारीण मिळेना, मला आया मिळेना. शेतकऱ्यासाठी निदान पॅकेज जाहीर होतं. मिळत नाही ही गोष्ट वेगळी, पण जाहीर तर होतं. माझ्यासाठी कोण काय जाहीर करणार?

२३ नोव्हेंबर
फत्ते! म्हटलं होतं ना.

आमच्या जिनिंगचा हमाल मोतीराम यानं नाव सुचवलं. अजीजुन्निसा. सगळे अजीजबी म्हणतात. नवरा बद्रुद्दीन पिंजारी, गाद्या-रजया भरतो, आमच्याकडचा उरलासुरला कापूस नेतो. वाकून वाकून अजीजबीची पाठ धरली, म्हणून यंदा वेचणी सोडली. चार लेकरं वाढवलेली. घर दोन गल्ल्या सोडून. पद्मजाला बघताक्षणी पसंत.

तिनं पंधराशे मागितले. पद्मजा हो म्हणणार तेवढ्यात मी डोळे वटारले. निम्मा पगार की हो! मी म्हणालो, वेचणीत तुम्हाला पैसे कशावर? किलोवर. मग इथं महिन्यावर काऊन? इथंही किलोवर. बोलता बोलताच सुचलं. महिन्याला किलोमागे दोनशे. महिना भरला की पोर मोजायची, जे वजन भरेल त्याचे पैसे.

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग नीरजाला एका हातानं उचललं. म्हणे, बच्ची त निरी रुई हाय. मग एकच विचारलं, काटा कोनाचा? मी म्हणालो, कंपनीचा. ठीक हाय म्हणाली. एवढ्या लवकर तयार झाली म्हणजे हिशोबात कच्ची असणार.

नीरजा सात किलो. सात दुणे चौदा. शंभर रुपये वाचले, दर महिन्याला! डॉक्टर मागे म्हणाले होते की पोर वजनात कमी आहे, खात नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

पद्मजा म्हणाली, पोटच्या पोरीचा भाव लावला तुम्ही. मास्तरीण झाली तरी व्यवहार कळत नाही.

२६ नोव्हेंबर
शाळा उघडली. पद्मजा सातच्या एस.टी.नं गेली. जाताना रडली, पण गेली. नीरजा अजीजबीच्या कडेवरून टाटा करत होती, मला तर बघितलंही नाही. ऑफिसातला तराजू घरी आणून मोतीरामसमोर मोजली. सात किलो बरोबर.

अख्ख्या प्रकरणात डोकं माझं. कोणी दोन शब्द चांगले बोललं नाही.

९ डिसेंबर
नीरजा जेवते! आईनं भरवलं की फुर्र करून उडवायची. अजीजबी ज्वारीची भाकर दुधात कुस्करते, वर गुळाचा खडा, आणि दारात कोंबड्या दाखवत वाटी रिकामी करते. पद्मजा सारखी तेच सांगत बसते. मीही आनंदात. बाप आहे शेवटी.

१८ डिसेंबर
नीरजाला उचलली. जड लागली. हात भरून आला. थकलो असेन.

२० डिसेंबर
थकलो नव्हतो.

२६ डिसेंबर
आठ किलो शंभर ग्रॅम.

दोनदा मोजली. काटा तपासला, वजनं तपासली. एका महिन्यात अकराशे ग्रॅम! सोळाशे वीस रुपये. म्हणजे तिनं मागितलेल्या पंधराशेपेक्षा वर एकशेवीस. पद्मजानं आनंदानं गल्लीत पेढे वाटले. पेढ्यांचे वेगळे.

रात्री हिशोब मांडला. महिन्याला अकराशे ग्रॅम हा वेग राहिला तर दहावीला पोरगी दोनशे किलो. आयाचा पगार महिना चाळीस हजार. पद्मजाला दाखवला. ती एवढी हसली की नीरजा उठली. मी गंभीर माणूस आहे हे या घरात कोणाला कळत नाही.

२ जानेवारी २००८
नव्या वर्षाचा निर्धार: खर्चावर लगाम.

अजीजबीला गोडीत सांगितलं की पोरीला फार भरवू नका, पचनाला जड जातं. दोन वेळा भाकर कशाला, एक पुरे. बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणे, बाबूजी, लेकरू मांगते. मी म्हणालो, मागतात तर शेतकरीही भाव, आपण देतो का?

५ जानेवारी
बाईनं पद्मजाला सांगितलं. पद्मजा भाजी वाढताना पळी जोरात आपटते. यात माझं काय चुकलं?

१३ जानेवारी
जिनिंगमध्ये गाड्या थंडावल्या. यंदा लाल्या पडला, पानं तांबडी होऊन झाडं वाळली, सगळा कापूस डिसेंबरातच संपला. काल दिवसभरात दोन गाड्या. एका म्हाताऱ्यानं पोत्यात आणला होता, अर्धं पोतं. त्यालाही मी कटती लावली. ओल, माती, कचरा म्हणून जे वजन आपण कापून घेतो ते. नियम म्हणजे नियम. म्हातारा म्हणाला, बाबू, आता कापाले राह्यलंच काय? मला उगाच राग आला.

शेठ म्हणाले, सीझन महिनाअखेर बंद करू, हंगामी लोकांना सुटी. मी हंगामी नाही. मी अनुभवी आहे.

२२ जानेवारी
मीपण हंगामीच. मला आज सुटी दिली. पगार बंद, दिवाळीनंतर या म्हणाले. ही विश्रांती आहे, बेकारी नाही. पद्मजाला तसंच सांगितलं. आता घरात तिच्या तीन हजारांवर चालेल. तात्पुरतं. म्हणजे तिची नोकरी आता सुटली तर झालंच.

त्यामुळे खर्चाला कात्री अधिकच गरजेची.

२६ जानेवारी, शनिवार, झेंडावंदनानंतर
आज भयंकर झालं. नीट लिहून काढतो, म्हणजे बरोबर कोण ते दिसेल.

पोर मोजायला घेतली. मी आधीच ठरवलं होतं, कटती लावायची. पायातल्या तोरड्या, ओलं दुपटं, झबलं, सकाळची वाटी. मिळून सातशे ग्रॅम वजा. व्यापारात चालतं. वर तराजू मी धरलेला. पोरीच्या पारड्याखाली अंगठा जरासा लागला असेल. सोळा वर्षांची सवय, मुद्दाम कोण करतं?

अजीजबी शांतपणे म्हणाली, बाबूजी, अंगठा काढा.

पद्मजासमोर! काढला. आठ किलो नऊशे. सतराशे ऐंशी रुपये. माझ्या हातात दमडी नाही आणि या दोघी टाळ्या पिटतात. माझं डोकं सटकलं. म्हणालो, गाडी काट्यावर यायच्या आधी कापसाला पाणी मारतात ते मला माहीत आहे, तुम्हीही पोरीला मोजायच्या आधी तांब्याभर पाजलं असेल.

बाईचं तोंड उतरलं. म्हणे, कापसाले पानी मारतेत बाबूजी, लेकराले दूध पाजतेत. डिसेंबरचे भेटले, हे महिन्याचे ठेवा तुमच्याजवळ. नीरजाचा मुका घेतला आणि गेली. नीरजा दाराकडे हात करून तासभर रडली.

पद्मजा म्हणाली, आता सोमवारी पोर कोण सांभाळेल? मी म्हणालो, मी. सगळ्या पर्यायांत हाच राहिला होता, आणि किंमत शून्य. आधीच कसं सुचलं नाही?

२८ जानेवारी
पहिला दिवस. उत्तम. पोर थोडी रडली. नऊ ते चार.

३० जानेवारी
भाकर कुस्करून दिली, तिनं माझ्या चष्म्यावर उडवली. कोंबड्या दाखवल्या, कोंबडीनं मला चोच मारली. अजीजबीनं कोंबड्यांना काही शिकवून ठेवलंय.

१ फेब्रुवारी
मोतीराम घरी आला. तोही सुटीवर. नीरजाला बघून म्हणे, बाबू, पोरगी सुकून राह्यली बे. मी म्हणालो, दात येतायत. मला बे म्हणतो! सीझन बंद झाला की धाक उरत नाही.

२ फेब्रुवारी
दूध वाढवलं की पैसे वाढतात. त्यावर उपाय काढला. निम्म्यात निम्मं पाणी. पचायलाही हलकं. नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून टाकीतलं घेतलं. उकळायला गॅस जातो. पद्मजाला सांगितलं नाही, ती उगीच घाबरते.

५ फेब्रुवारी, दवाखान्यातून
नीरजाला जुलाब. काल सकाळपासून थांबेनात. पापण्या मिटत नव्हत्या, रडू येत होतं पण डोळ्यांत पाणी नव्हतं. आता सलाईन लावलंय. एवढ्याशा हाताला फळी बांधलीय, सुई निघू नये म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, दुधात पाणी कोणी घातलं? पद्मजानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. डॉक्टर म्हणाले, मी ते नाही विचारलं.

पाणी मारलं ते मी.

७ फेब्रुवारी
पद्मजाची बिनपगारी रजा, तिसरा दिवस. मुख्याध्यापकांचा निरोप आला की अजून खाडे पडले तर वर कळवावं लागेल. पद्मजा एकदम शांत बोलली. म्हणाली, देऊन टाकते राजीनामा, तुमच्या हिशोबात तेच सगळ्यात स्वस्त पडेल.

अजीजबी दवाखान्यात रोज येते. तिला कोणी बोलावलं नाही. पायरीवर बसते, पद्मजाला डब्यातून चहा देते. माझ्याशी बोलत नाही, पण चहा तीन कपांचा असतो.

दवाखान्याचं बिल आयाच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढं. तुलनेसाठी लिहून ठेवतो. नाही, खोडतो.

१० फेब्रुवारी, रविवार
नीरजा घरी आली. मी बद्रुद्दीनभाईंच्या दुकानात गेलो. दारात चपला काढून उभा राहिलो. अजीजबी रजईला टाके घालत होती. मी म्हणालो, चुकलो. एवढंच म्हणायचं ठरवलं होतं, पण पुढे दातांचं, नळाचं, सीझनचंही बोललो. बद्रुद्दीनभाई म्हणाले, पयलंच ठीक होतं बाबू, बाकीचं राहू द्या.

अजीजबीनं दोन अटी घातल्या. पगार महिन्यावर, अठराशे, आणि तो पद्मजाच्या हातून. दुसरी, बाबूजींनी काट्याजवळ यायचं नाही. मी दोन्ही मान्य केल्या. घासाघीस केली नाही. एकदाच म्हणून पाहिलं, सतराशे. नाही म्हणाली.

उद्या पद्मजा शाळेत जाईल.

१४ फेब्रुवारी
मीही कामाला लागलो. बद्रुद्दीनभाईंकडेच. कापूस पिंजायचा, त्यांच्या छातीला आता धूळ सोसत नाही. हे सल्लागाराचं काम आहे खरं तर. पैसे किलोवर. आज पाच किलो पिंजला. त्यातून माती म्हणून पाव किलो त्यांनी कापून घेतला. मी म्हणालो, ही कसली कटती? ते म्हणाले, कापसाची. तुम्हीच शिकवली.

घरी येताना रस्त्यात नीरजा दिसली, कोंबड्यांमध्ये. वाटी रिकामी होती.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
आज अजीजबीचा नवस फेडला. पोर घरी आली तर दर्ग्यावर तिच्या वजनाचा गूळ वाटीन, असं ती त्या पायरीवर बसून बोलली होती. पद्मजा म्हणाली, गूळ आपण आणू. किती, ते मी सांगितलं. नऊ किलो. जानेवारीत आठ किलो नऊशे होती, वर थोडा हातचा. वजनाच्या बाबतीत या गावात माझ्याइतका अंदाज कोणाचा नाही.

दर्ग्यावर बरीच माणसं. तराजू कोण धरणार, तर बद्रुद्दीनभाई म्हणाले, काटाबाबू हायेत ना. मी अजीजबीकडे पाहिलं. आजच्या दिवस, म्हणाली.

एका पारड्यात गूळ, एकात नीरजा. पोरीचं पारडं वर गेलं ते वरच राहिलं. मोतीरामनं गुळाची एक भेली काढली. तरी वरच. तो दुसरीला हात घालतो तोच मी ओरडलो, थांब, काटा स्थिर होऊ दे! गाडीवाल्यांना सोळा वर्षं हेच ओरडून सांगत आलो.

आणि अंगठा गेला. या वेळी खालून नाही, वरून. पोरीचं पारडं दाबून धरलं मी. हळूहळू खाली आलं, गुळाच्या बरोबरीला. लोक म्हणाले, झालं, झालं. नीरजानं माझा अंगठा धरला आणि हसली.

अजीजबी जवळ आली. दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, बाबूजी, अंगठा काढा.

मी काढत नव्हतो. तिनं नीरजाची बोटं एकेक करून सोडवली. मग काढला.

शेवटी पारडी जुळली, तेव्हा सव्वा किलो गूळ बाहेर उरला. अंदाज चुकला नव्हता, जानेवारीची पोर नऊ किलोची होती. सोळा वर्षांत एवढी कटती मी कोणाच्या कापसाला लावली नाही.

उरलेला गूळ मी पिशवीत भरला. पद्मजानं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि अजीजबीकडे दिली, नीरजाच्या भाकरीत घालायला.